शंभराला सात

वेंगुर्ल्याला आमच्या अंगणात वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी असते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३मध्ये निवृत्त झाल्या. आमची अजून बाजारातून बांगडे आणते. गेल्या पावसापासून मात्र सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं डावी-उजवीकडे हलवत राहावं लागतं. जुन्या सिनेमातला हिरो तेच करायचा, पण त्याची गाडी न हलवताही सरळ जायची.

जॅकवर चढवून चाक तीन आणि नऊच्या काट्यावर धरलं, हलवलं. कटकट! टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा, गेला होता. बारा आणि सहाच्या काट्यावर धरायचा मला धीर झाला नाही. तिथे हललं तर दुखणं मोठं निघतं.

एंडची रबरी टोपी फाटली होती. आतल्या ग्रीसमध्ये लाल चिखल आणि बारीक वाळू मिसळून चांगली पॉलिश पेस्ट तयार झाली होती. तिने पावसाळाभर निष्ठेने काम केलं होतं. नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन खाऱ्या हवेने नटाशी एकजीव झालेली. तिचे तुकडे उकरण्यातच सकाळ गेली.

नट निघाला, पण एंडची मुख्य पिन निघेना. तिचा बुंधा निमुळता, भोकात पाचरीसारखा बसलेला. मी खालून हातोडा घालू लागलो.

"आटे मोडतलंस मेल्या!" मेस्त्री ओरडले. "कानार मार, कानार!"

कान म्हणजे भोकाची कड. एका बाजूला जड हातोडा टेकवायचा, समोरून दुसऱ्याने हाणायचं. भोक क्षणभर चेपतं आणि पिन आपसूक सुटते. तिसऱ्या घावाला सुटली. माझ्या अंगठ्यावर.

पुढे रॉडवरून एंड सोडवायचा. तो किती फेऱ्यांत निघतो ते मोजायचं आणि नवा तितक्याच फेऱ्या आत घालायचा, म्हणजे चाकांची दिशा फारशी बिघडत नाही. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात. माझ्या वाट्याला तेच आलं होतं, त्यामुळे पहिला अर्धा तास मी घाम गाळून तो आवळत होतो.

मग सुलट मोजायला लागलो. बारावर आलो आणि फाटकातून शेजारच्या काकी म्हणाल्या, "झिला, काल बांगडे गावले? शंभराक किती दिल्यान?"

"सात," मी गाडीखालून म्हणालो. "आठ, नऊ, दहा..."

एंड हातात आला तेव्हा मी अठरावर होतो. मेस्त्रींनी बोटांवर हिशोब करून तेवीस सांगितले. पण बारावा फेरा पुरा झाला होता की काकींनी अर्ध्यात गाठलं, यावर आमचं एकमत होईना. शेवटी साडेबावीस ठरले.

दुपारी अलाइनमेंटसाठी कुडाळला निघालो. स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे. डावीकडे काकींचं फाटक. फाटकात काकी, हातात पिशवी.

"बाजारात चललंस?"