टीबीच्या नोंदी वाढल्या म्हणजे टीबी वाढला, असं नाही

“2015 मध्ये देशात टीबीचे 17 लाख रुग्ण होते, आता 26 लाख झाले. एवढा पैसा ओतून रोग वाढलाच. शिबिरं भरवून धडधाकट माणसांना रुग्ण ठरवतात. गोळ्यांपेक्षा जुनी सॅनेटोरियमं बरी होती. आणि खात्यावर पाचशे-हजार टाकणं म्हणजे निव्वळ खिरापत.” थोड्याफार फरकाने हा मजकूर सध्या गावच्या, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या गटांत फिरतो आहे. त्यातले पहिले दोन आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत, म्हणून तो पटकन पटतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्यामुळे सरकारच्या टीबी कार्यक्रमाच्या खऱ्या चुकांकडे कुणाचं लक्षच जात नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“रुग्ण 17 लाखांवरून 26 लाखांवर गेले.”

हा आकडा सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद झालेल्या रुग्णांचा आहे. देशात टीबी झालेली माणसं किती, हे त्यावरून कळत नाही. मे 2012 पर्यंत खासगी डॉक्टरने टीबीचा रुग्ण सरकारला कळवलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. त्या काळी काय व्हायचं ते आठवा. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. माणूस गल्लीतल्या डॉक्टरकडे जायचा, तिथून एक्स-रे, मग चिठ्ठी आणि मेडिकलमधून विकतच्या गोळ्या. दोन महिन्यांत भूक लागायला लागली, खोकला थांबला की गोळ्या बंद. सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला का, घरातल्या लहान मुलांना तपासलं का, माणूस वाचला की गेला, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसायचं.

अशी माणसं थोडीथोडकी नव्हती. खासगी बाजारात टीबीची औषधं किती विकली जातात, याचा हिशेब संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केला. 2014 या एका वर्षात खासगीत झालेले उपचार सरकारी उपचारांच्या जवळपास दुप्पट निघाले. उपचारांचा दर्जाही बघा. 1991 च्या एका अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्टीत काम करणाऱ्या 100 खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी 80 निरनिराळे उपचार लिहून दिले होते. जवळपास वीस वर्षांनी मुंबईचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावी परिसरात हाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा 106 पैकी फक्त 6 जणांना बरोबर चिठ्ठी लिहिता आली.

हे सगळे रुग्ण 2015 च्या “17 लाखां”च्या बाहेर होते. 2013 मध्ये खासगीतून 40 हजारसुद्धा नोंदी आल्या नव्हत्या. 2023 मध्ये त्या 8 लाखांवर गेल्या, म्हणजे एकूण नोंदींच्या सुमारे एक तृतीयांश. फिरत्या मजकुरातली “वाढ” बरीचशी इथून आली आहे. टीबी त्यांना आधीही होताच, फक्त सरकारच्या हिशेबात ते नव्हते.

तरीही नोंद म्हणजेच रोग, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी 2020 बघावं. 2019 मध्ये 24 लाख नोंदी होत्या, 2020 मध्ये त्या 18 लाखांवर आल्या. एका वर्षात पाव हिस्सा गायब! मजकुराची मोजपट्टी लावली तर ते वर्ष कार्यक्रमाच्या इतिहासातलं सर्वांत यशस्वी ठरेल. प्रत्यक्षात ओपीडी बंद होत्या, प्रयोगशाळेची माणसं आणि यंत्रं करोनाच्या कामाला लावली होती, आणि रुग्ण घरात खोकत बसले होते. त्याच वर्षी जगात टीबीचे मृत्यू दशकभरात पहिल्यांदा वाढले.

मग रोग कमी होतोय की नाही, हे कशावरून ठरवायचं? 2019 ते 2021 दरम्यान देशभर घरोघरी जाऊन, छातीचे एक्स-रे काढून आणि थुंकी तपासून सर्वेक्षण झालं. असं राष्ट्रीय सर्वेक्षण याआधी 1950 च्या दशकात झालं होतं. प्रौढ आणि पंधरा वर्षांवरच्या मुलांमध्ये दर लाखामागे 316 जणांना फुप्फुसाचा टीबी आढळला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक कुठल्याही डॉक्टरकडे गेलेच नव्हते. अशा पाहण्या आणि नोंदी एकत्र करून जागतिक आरोग्य संघटना अंदाज बांधते. त्यानुसार 2015 मध्ये वर्षाला लाखामागे 237 नवे रुग्ण होते, 2023 मध्ये 195. मृत्यू लाखामागे 28 वरून 22 वर आले. हे गणिती अंदाज आहेत आणि त्यात मागेपुढे होऊ शकतं. पण दिशा खाली जाणारी आहे. नोंदी वाढत असताना रोग कमी होऊ शकतो, आणि लपलेले रुग्ण शोधून काढण्याच्या काळात तसंच व्हायला हवं.

“शिबिरं भरवून धडधाकट माणसांना रुग्ण ठरवतात.”

धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही टीबी असतो. याच सर्वेक्षणात आढळलेल्या रुग्णांपैकी 42 टक्क्यांहून अधिक जण एक्स-रे काढला नसता तर हातातून निसटले असते. खोकला आहे का, ताप येतो का, एवढंच विचारून ते सापडले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासायची जुनी पद्धतही तोकडी आहे. एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ते तिथे दिसत नाहीत. सीबीनॅट किंवा गोव्याच्या कंपनीने तयार केलेलं ट्रूनॅट ही यंत्रं त्याहून खूप कमी जंतू पकडतात, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतात.

यात टीकेला जागा आहे, ती दाखवतो. ज्या वस्तीत टीबी कमी आहे तिथे सरसकट तपासणी केली तर खोटे पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण वाढतं. नुसता एक्स-रेवरचा डाग बघून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करणंही बरोबर नाही. म्हणून शिबिराच्या आकड्यांत सापडलेल्यांपैकी किती जणांचं निदान थुंकीच्या तपासणीने पक्कं झालं, हे विचारायलाच हवं. ते न विचारता सगळीच शिबिरं बोगस ठरवणं हा त्या रुग्णांवर अन्याय आहे.

“गोळ्यांपेक्षा सॅनेटोरियम बरं.”

या प्रश्नाचं उत्तर भारतात सत्तर वर्षांपूर्वीच मिळालंय. 1956 मध्ये मद्रासमध्ये रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांना महिनोन्‌महिने ठेवायच्या खास दवाखान्यात ठेवलं, दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून औषधं दिली. सॅनेटोरियमवाल्यांना आराम होता, खाणंपिणं कितीतरी चांगलं होतं. तरीही बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, आणि पुढची पाच वर्षं लक्ष ठेवूनही घरी राहिलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांत टीबी जास्त आढळला नाही. जगभरची सॅनेटोरियमं बंद होण्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. आपल्या मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी माणसं महिनोन्‌महिने घरादारापासून तुटून राहायची. ती वेळ आता बहुतेकांवर येत नाही, ते या गोळ्यांमुळे.

गोळ्याच नसत्या तर? तेही पाहून ठेवलंय. 1961 ते 1968 दरम्यान बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने कर्नाटकातल्या खेड्यांत, उपचारांची सोय पोचलेली नसताना, रुग्णांचं पाच वर्षांत काय होतं ते नोंदवलं. निम्मे मेले. एक तृतीयांश आपसूक बरे झाले. उरलेले तसेच जंतू पसरवत राहिले. “अमक्याला काढ्याने गुण आला” असं कुणी सांगितलं की मला ही एक तृतीयांश माणसं आठवतात. ती काहीही घेतलं असतं तरी बरी झाली असती. आज नोंद होऊन उपचार घेणाऱ्यांत दहातले साडेआठ-नऊ यशस्वीपणे उपचार पूर्ण करतात. कार्यक्रमाचा परिणाम मोजायचा तर तो या निम्म्या मृत्यूंच्या तुलनेत मोजावा लागेल.

“पाचशे-हजार म्हणजे खिरापत.”

निक्षय पोषण योजना एप्रिल 2018 मध्ये महिना 500 रुपयांनी सुरू झाली. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1000 झाली. मद्रासच्या अभ्यासानंतर औषध मिळालं की आहार गौण, असं बरीच वर्षं मानलं गेलं. झारखंडमधल्या ‘राशन्स’ चाचणीने ते बदललं. त्यात रुग्णांना तर शिधा दिलाच, शिवाय निम्म्या घरांतल्या इतर माणसांनाही महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. 2023 मध्ये निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी, आणि तपासणीत जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या टीबीचं 48 टक्क्यांनी कमी. डाळ-तांदळाने रोगाला असा आळा बसल्याचं वाचलं तेव्हा मी तो निबंध लगेच दुसऱ्यांदा वाचला.

पण सरकारने यातून सोयीचा अर्थ काढू नये. चाचणीत घरातल्या सगळ्यांना दर महिन्याला धान्य मिळालं, योजनेत एकट्या रुग्णाच्या खात्यावर पैसे जातात, तेही अनेकदा उशिरा. कुटुंबीयांच्या शिध्याचा भार ‘निक्षय मित्र’ म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांच्या मर्जीवर सोडलाय. राशन्सच्या यशाचं श्रेय या योजनेला तेव्हाच मिळेल, जेव्हा प्रत्येक रुग्णाच्या घरी तसाच शिधा पोचेल.

आता मजकुरात नसलेला मुद्दा. 2015 च्या तुलनेत 2025 पर्यंत नवे रुग्ण 80 टक्के आणि मृत्यू 90 टक्के कमी करू, असं देशाला सांगितलं होतं. 2023 पर्यंत घट अनुक्रमे 18 आणि 21 टक्क्यांच्या आसपास होती. लक्ष्य हुकलंय, फार मोठ्या फरकाने. त्यात मार्च 2024 मध्ये केंद्राकडचाच पुरवठा अडखळला आणि राज्यांना तीन महिन्यांची औषधं स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगावं लागलं. टीबीच्या गोळ्यांत खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो. हे मुंबईला कुणी समजावायला नको. 2011 च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा टीबी असलेल्या चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती.

रागवायचं असेल तर यावर रागवा. आपल्या जिल्हा क्षयरोग केंद्राला विचारा: गेल्या वर्षी नोंद झालेल्यांपैकी किती बरे झाले, किती दगावले, किती जणांनी उपचार मध्येच सोडले? किती दिवस औषधं नव्हती? रुग्णांच्या घरातल्या किती जणांची तपासणी झाली, आणि पोषणाचे पैसे उपचाराच्या कितव्या महिन्यात जमा झाले? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका.