आशाताईच्या वहीत आमची नावं होती ना!

रेशनच्या ई-केवायसीसाठी, म्हणजे मशीनवर अंगठा लावून ओळख पटवायला, परवा पुन्हा म्हातारी माणसं दुकानासमोर ताटकळत बसलेली बघितली आणि 2021 चा मे महिना आठवला. तेव्हाचा संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

18 ते 44 वयाच्या लोकांना 1 मेपासून कोरोनाची लस सुरू झाली. अट काय? आधी सरकारच्या कोविन वेबसाइटवर नोंदणी, मग स्लॉट, मग लस. थेट केंद्रावर गेलात तर परत पाठवणार. अहो, राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत साधा फोन धड लागत नाही, तिथे नेट कुठून आणायचं? रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळावर, चढायचं. भर मे महिना, कातळ नुसता तापलेला, सावलीला झाड नाही, आणि वाडीतली पोरं मोबाईल वर धरून इकडून तिकडे फिरतायत. नंबर टाकायचा, ओटीपीची वाट बघायची. त्याची मुदत तीन मिनिटं आणि मेसेज येणार मुदत टळल्यावर. पुन्हा पहिल्यापासून! कसंबसं आत शिरलात, पिनकोड टाकलात, केंद्र दिसलं, की बोट लावेपर्यंत स्लॉट खलास. त्यात सगळं इंग्रजीत. शेजारच्या वहिनी सातवी शिकलेल्या, काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या. त्यांनी हे कसं जमवायचं होतं?

आणि आमच्या आरोग्य केंद्राच्या दारात उभ्या कुणाच्या गाड्या? मुंबईच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता त्या दिवसांत! त्या लोकांवर माझा राग नाही. त्यांनाही लस हवीच होती, त्यांच्याकडे चांगलं नेट होतं, त्यांना स्लॉट मिळाला. राग आहे तो ही रीत ठरवणाऱ्यांवर. केंद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस कुंपणाबाहेरून बघत राहतो आणि घाट उतरून आलेला टोचून घेऊन जातो. लस कमी होती, मान्य. 12 मेला तर राज्याने साठा नाही म्हणून 18 ते 44 चं लसीकरणच थांबवलं. पण जी वस्तू कमी असते ती कुणाला आधी द्यायची याचा विचार जास्त करायचा असतो. रोज बंदरावर मासे उतरवणाऱ्याला आधी, की ज्याचं बोट जलद चालतं त्याला आधी?

मग तौक्ते वादळ आलं. 16 मेला किनाऱ्यालगतून गेलं आणि विजेचे खांब आडवे, हापूसची कलमं आडवी, टॉवर बंद. ओटीपी सोडाच, फोनच मेले. तेव्हाही आमची आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, पाणंदीत पडलेल्या फांद्या ओलांडून घरोघरी येत होती. कुणाला ताप आहे का, कुणाला धाप लागते का, सगळं विचारत होती.

माझं खरं म्हणणं इथेच आहे. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताईसारखी माणसं दारोदार फिरली होती. ताप बघितला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब, सगळं लिहून नेलं. आमच्या ओटीवर बसून आशाताईने वहीत बाबांच्या गोळ्यांची नावंसुद्धा विचारून लिहिली. म्हणजे वाडीतलं एकेक माणूस नाव-वयासकट सरकारकडे आधीच लिहिलेलं होतं! ती वही काढायची, वाडीवार नावं लावायची, आज या वाडीने या, उद्या त्या, एवढंच करायचं होतं. पोलिओचे डोस आम्ही वर्षानुवर्षं असेच घेतले ना? तेव्हा कुणी ओटीपी मागितला होता?

31 मेला सर्वोच्च न्यायालयाने नेट नसलेल्या गावकऱ्यांचं काय, असं केंद्र सरकारला खडसावलं. 21 जूनपासून सगळ्यांना थेट केंद्रावर नोंदणीची सोय झाली. म्हणजे जमत होतं! मग मे महिन्यात, दुसरी लाट ऐन भरात असताना, लोकांना सड्यावर का चढवलंत?

आणि जिच्या जिवावर हे सगळं चाललं तिला काय दिलंत? केंद्र सरकारचा कोविड भत्ता महिन्याला 1000 रुपये. जून 2021 मध्ये राज्यभरातल्या आशांना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे थोडी वाढ पदरात पडली.

एवढं होऊनही डोकी तशीच. आता रेशनला अंगठा. काजू फोडून फोडून टरफलातल्या जळजळीत डिकाने ज्यांची बोटं खाल्लीत त्या बायकांचा अंगठा मशीनवर उठत नाही. आमच्या काकी बोट पुसतात, पदराला घासतात, पुन्हा ठेवतात, मशीन लाल. दुकानदार म्हणतो, "काकी, सर्वर डाउन आहे, उद्या या." काकींच्या गुडघ्यांना उद्या पुन्हा ती घाटी चढायची. घरी माणूस पाठवा ना! कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे आशाताईंना पाठ आहे, पोलीसपाटलांना पाठ आहे. विचारा त्यांना, आणि तोवर काकींचे तांदूळ अडवू नका.