आजारी पाहुण्याची जबाबदारी कोणाची?

2025 च्या मे महिन्यात आम्ही तिघे, मी, माझे यजमान आणि मुलगी, कोल्हापूरहून गाडीने रामेश्वरला निघालो होतो. पहिला मुक्काम बंगळुरूला, दुसरा तिरुचिरापल्लीला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तंजावर. व्यंकोजीराजांचे तंजावर पाहायचे ही माझी फार वर्षांची इच्छा होती. त्या गावात माझ्यावर जो प्रसंग आला, त्याविषयी बरेच दिवस लिहायचे मनात होते.

बृहदीश्वराच्या देवळात आम्ही पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मे महिन्यातील या दिवसांना तिकडे अग्नी नक्षत्रम म्हणतात. अनवाणी पायांना फरशीचा चटका बसत होता, तरी तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळात, 1803 मध्ये, भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहण्याच्या ओढीने मी उन्हात उभी राहिले. तमिळ मुलखातील त्या दगडावर आपली भाषा पाहून मन भरून आले आणि त्याच वेळी अक्षरे एकमेकांत मिसळू लागली. कानात सूं असा आवाज सुरू झाला, अंगाला गार घाम फुटला. मुलीने दंडाला धरून मला कसेबसे प्रवेशद्वाराबाहेर आणले आणि सावलीत बसवले.

तेथे गजरे विकणारी एक वृद्ध बाई होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, ‘मयक्कम, मयक्कम’ असे शेजारणीला सांगितले, आपली गोणपाटाची बैठक मला दिली आणि फुलांवर शिंपडण्याच्या पाण्यात पदर भिजवून माझ्या मानेवर ठेवला. मग ‘मोर’ असे काही म्हणत ती उठली आणि पातळ, खारट, कढीपत्त्याचा वास असलेले ताक घेऊन आली. मयक्कम म्हणजे भोवळ आणि मोर म्हणजे ताक, हे आम्हाला मागाहून समजले. तिने पैसे घेतले नाहीत.

आमची खोली जवळच्याच एका लॉजमध्ये आरक्षित होती. मला आडवे व्हायचे आहे एवढेच यजमानांनी काउंटरवर सांगितले. खोली दोननंतरच मिळेल, हे उत्तर एक वेळ समजण्यासारखे होते. परंतु माझी अवस्था पाहून तेथील माणूस जेव्हा म्हणाला की इथे काही झाले तर जबाबदारी कोणाची, आधी त्यांना बरे करून आणा, तेव्हा परक्या गावात आजारी पडणे म्हणजे काय हे मला कळले. जवळ डॉक्टर कोठे आहेत, हेही त्याने सांगितले नाही.

रिक्षावाल्याने आम्हाला एका लहान दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रक्तदाबाची कोणती गोळी घेता? मी पर्समधून आठवड्याच्या वारांची सात खणांची डबी काढून दिली. गोळ्या पाकिटातून काढून त्यात भरलेल्या, त्यामुळे नाव कोठेच नव्हते. पांढरी, गोल, मध्ये रेघ असलेली गोळी डॉक्टर तळहातावर उलटसुलट करून पाहत राहिले. अखेर मुलीने कोल्हापूरच्या आमच्या औषध दुकानात फोन करून बिलाचा फोटो मागवला, तेव्हा उलगडा झाला की त्या गोळीत लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारे औषधही आहे. त्यात दोन दिवस मी पाणी मोजून प्यायले होते, कारण महामार्गावर स्वच्छ शौचालय कधी मिळेल याची खात्री नसते. माझ्या ओळखीतील बहुतेक बायका प्रवासात हेच करतात आणि शेजारी बसलेल्या घरच्या माणसांना त्याचा पत्ताही नसतो. प्रवासाच्या आखणीत आपण पेट्रोल पंप मोजतो, टोल मोजतो, मग या गोष्टीचा विचार का करत नाही?

मुलीने वाटेत घाईघाईने ‘ओआरएस’ असे ठळक छापलेला गोड पेयाचा खोका घेतला होता. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि खऱ्या ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट प्यायला लावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज लागते. तशा पेयांत त्याच्या कितीतरी पट साखर असते. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ती अक्षरे छापण्यास मनाई केली आणि त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचा आठ वर्षांचा लढा होता हे वाचले, तेव्हा त्या दवाखान्यातील बाकडे माझ्या डोळ्यांसमोर आले.

दोन दिवस विश्रांती घेऊन, रामेश्वर रद्द करून आम्ही परतलो. घरी आल्यावर तंजावरविषयी वाचताना सरफोजीराजांच्या 1801 च्या एका पत्राची माहिती मिळाली. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, तरी बंद पडू नयेत म्हणून राजांनी रेसिडेंटला, म्हणजे कंपनीच्या इंग्रज प्रतिनिधीला, त्यांची व्यवस्था कळवली होती. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. जो वाटेत आजारी पडे त्याला औषध आणि पथ्याचे जेवण देऊन, तो बरा होईपर्यंत आदराने ठेवून घेतले जाई. असे एक छत्र तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडूला राजांनी आपल्या प्रेयसी मुक्तांबाळच्या नावाने बांधले होते. ज्या वाटेवर आजारी वाटसरूची जबाबदारी कोणाची हा प्रश्नच उरू नये अशी तजवीज होती, त्याच वाटेवर आज पैसे भरून आलेल्या माणसाला तो प्रश्न ऐकावा लागतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोष त्या गावाचा नाही. आपल्याकडील कोल्हापूर, पंढरपूर, नाशिकच्या लॉजमध्ये याहून वेगळे उत्तर मिळेल, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्या लॉजचे नाव मी लिहिणार नाही. मालकांना मात्र मी पत्र पाठवले आहे. जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक काउंटरवर लावावा आणि आजारी पाहुण्याला, खोली तयार नसेल तर निदान पंख्याखाली एक खाट आणि पाण्याचा तांब्या द्यावा, एवढेच त्यात आहे. अद्याप उत्तर आलेले नाही. या महिन्यात मी पुन्हा लिहिणार आहे, आणि या वेळी ते पत्र तमिळमध्ये करून घेणार आहे.