रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

नमस्कार. काही भटक्या कुत्र्यांना नंबरी पट्टे बांधायचे आणि नंतर कोण किती वेळा दिसलं यावरून एकूण कुत्री किती हे काढायचं, या माझ्या लेखावर ‘नोंदी एक्सेलमध्ये आहेतच, रिकाम्या जागी शून्य टाका, नंबर न वाचता आलेली कुत्री गाळा आणि आकडा सांगून मोकळे व्हा,’ असं तुम्ही लिहिलंत. घाई मला कळते. नांदूरमध्यमेश्वरला पाणथळ जागेत उतरलेल्या थव्यावर भटकी कुत्री धावून जाताना मीही पाहिली आहेत. पण नसबंदी किती कुत्र्यांची करायची, लस किती मागवायची, हे याच आकड्यावर ठरणार आहे.

आधी तुम्ही गाळायला सांगितलेल्या नोंदी घेऊ. दिवस मावळताना कुत्रं गाळातून बाहेर येतं. गळ्यात पट्टा स्पष्ट दिसतो, पण नंबरावर चिखल. समजा, पट्टेवाली कुत्री २०, नंबरासह ती ६० वेळा दिसली, चिखलामुळे नंबर न कळलेल्या नोंदी १२ आणि बिनपट्ट्याच्या १८०. त्या १२ गाळल्या तर एक कुत्रं सरासरी ३ वेळा दिसतं असं निघतं. बिनपट्ट्याचीही तितक्याच वेळा दिसतात असं धरलं, तर १८० भागिले ३ म्हणजे ६०, अधिक २०, एकूण ८०. त्या धरल्या तर सरासरी ३.६ आणि एकूण ७०. बिनपट्ट्यात ढकलल्या तर थेट ८४! म्हणूनच मार्क (MARK) या प्राण्यांची संख्या काढण्याच्या संगणक प्रोग्रॅमच्या फाइलीत ‘खूण आहे, ओळख नाही’ अशांची बेरीज वेगळ्या ओळीत द्यावी लागते. (माझा हिशोब ढोबळ आहे, प्रोग्रॅममधलं ‘पॉइसन’ नावाचं संख्याशास्त्रीय मॉडेल याहून बारकाईनं जातं.)

आता शून्याचं. त्या मॉडेलच्या फाइलीत प्रत्येक पट्टेवाल्या कुत्र्याची एक ओळ आणि तिच्यात मोजणीच्या प्रत्येक हंगामाला दोन अक्षरं असतात. चारदा दिसलेलं कुत्रं ‘०४’. पट्टे आदल्याच दिवशी बांधले, किती आहेत हे पक्कं ठाऊक, तरी एखादं दिसलं नाही, तर ‘+०’. सहा महिन्यांनी त्यातली किती उरली हे सांगता येत नसेल, तर न दिसलेल्याला ‘-०’. आणि ज्याला तेव्हा पट्टाच नव्हता त्याला दोन टिंबं. तुमच्या एका शून्यात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात.

एक्सेलचा घोळ यातलाच. ‘+०’ टाइप केलं की एक्सेल ती संख्या समजून नुसतं शून्य ठेवतं, ‘०४’ मधलं पुढचं शून्य खातं आणि ओळ एका अक्षरानं आखूड होते. टाइप करण्याआधीच रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या. फाइलीत अंक इंग्रजीच हवेत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम.

पट्टा गळून पडला तर काय, ही तुमची दुसरी हरकत मात्र रास्त आहे आणि मूळ लेखात ती यायला हवी होती. पट्टा गळालेलं कुत्रं बिनपट्ट्यात मोजलं जातं आणि आकडा फुगतो. या हिवाळ्यात पट्टा बांधतानाच प्रत्येक कुत्र्याच्या दोन्ही कुशींचे फोटो काढून ठेवतो आहे, म्हणजे पट्टा गेला तरी अंगावरच्या ठिपक्यांवरून त्याला ओळखता येईल.