चित्रकलेच्या तासाला वाली कोण?

2025 च्या उन्हाळ्यात आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर नुसता धुरळा उडाला होता. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा, असा शासन निर्णय 16 एप्रिलला निघाला आणि 29 जूनला सरकारने तो मागे घेतला. मधले अडीच महिने नाशिक, पुणे, दुबई आणि इथे ह्युस्टन, सगळीकडून आम्ही भांडत होतो. मीही तावातावाने लिहीत होते. मग कुणीतरी विचारलं, नव्या भाषेला तासिका आणायची कुठून? एका मैत्रिणीने लगेच उत्तर दिलं, ‘चित्रकलेची काढा, नाहीतरी त्या तासाला गणितच घेतात.’ त्यावर कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

कारण मला चित्रकलेचा तास मिळाला होता. पंचवटीतली आमची शाळा महापालिकेची. शनिवारी सकाळची शाळा असली की चित्रकलेचे सर आम्हाला गोदाघाटावर न्यायचे. नारोशंकराच्या देवळासमोर पायऱ्यांवर बसायचं, करवंटीत पाणी घ्यायचं आणि पहिला अर्धा तास कागदाला हात लावायचा नाही. ‘कळस नंतर, आधी पायरीची सावली बघा,’ असं सर म्हणायचे. मी सावलीला काळा रंग लावला तेव्हा शेजारी बसून त्यांनी माझ्याच कुंचल्याने निळ्यात थोडा लाल मिसळून दाखवला. दगडाची सावली तशीच होती, जांभळट. मला ती तोवर दिसलीच नव्हती. याच घाटाची शिवाजी तुपे यांची जलरंगातली चित्रं मी पुढे पाहिली, तेव्हा त्या सावल्या ओळखीच्या वाटल्या. मी चित्रकार झाले नाही, प्रयोगशाळेत काम करते. पण काही लिहून ठेवण्याआधी नीट बघायचं, ही सवय तिथली आहे.

मागच्या डिसेंबरात त्या शाळेत गेले होते. बाईंनी आपुलकीने सगळं दाखवलं. चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यापासून त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही. कपाटात एक हार्मोनियम आहे, एका संस्थेने दिलेली. तिचा भाता उंदरांनी कुरतडलाय. वाजवणारं कुणी नाही, म्हणून ती बाहेर निघतच नाही. त्या वर्षी शाळेत तीन वेगवेगळ्या संस्थांनी चित्रकला स्पर्धा घेतल्या आणि तिन्हींचा विषय एकच होता, स्वच्छ गोदावरी. एका स्पर्धेत तर छापील बाह्यरेषा दिल्या होत्या, मुलांनी फक्त रंग भरायचे. तिथून चालत दहा मिनिटांवर दुसरी शाळा आहे. तिथे वर्षभरात एकही संस्था फिरकली नव्हती. यात कुणाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. देणाऱ्यांनी मनापासून दिलं. फक्त कोण कुठे काय देतंय, हे एकमेकांना ठाऊक नव्हतं.

इथे ह्युस्टनमध्ये हीच अडचण होती. संग्रहालयं, नाटक मंडळ्या, वाद्यवृंद यांची कमी नाही, पण ठरावीक शाळांमध्ये गर्दी आणि बाकीच्यांत शुकशुकाट. मग पन्नासहून जास्त कलासंस्था आणि शालेय जिल्हा, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा, एकत्र येऊन ‘आर्ट्स ॲक्सेस इनिशिएटिव्ह’ उभा राहिला. कलाकार काही आठवडे वर्गात येऊन शिकवणार, नाटकाचे, संगीताचे कार्यक्रम शाळेत होणार, मुलं संग्रहालयात जाणार. सहभागी शाळा सोडत काढून ठरवल्या, त्यामुळे परिणाम मोजता आला. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिडा या संशोधकांनी 42 शाळांतली 10,548 मुलं अभ्यासली. 2019 च्या त्यांच्या अहवालानुसार, ज्या शाळांना हे कलाशिक्षण मिळालं तिथे शिस्तभंगाची कारवाई झालेल्या मुलांचं प्रमाण 3.6 टक्केबिंदूंनी कमी झालं, लेखनाच्या चाचणीत गुण वाढले आणि दुसऱ्याचं दुःख समजून घेण्याची वृत्ती वाढली. गणित आणि वाचनाच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही.

हे मी गटावर लिहिलं, तेव्हा एक जुना मित्र म्हणाला, ‘अगं, तुला तिकडे बसून बोलायला सोपं आहे. इथे पाचवीतल्या पोराला जोडाक्षर वाचता येत नाही आणि तू त्याच्या हातात कुंचला देतेस.’ तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात, सुरगाण्याकडे. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळतो, वर ऑनलाइन माहिती भरतो. त्याचं म्हणणं मी झटकून टाकू शकत नाही. पण ह्युस्टनच्या त्या शाळांत कलेला वेळ दिला म्हणून गणित-वाचन घसरलं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. आणि सुरगाणा-पेठच्या मुलांच्या घरात पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे रंगतात. ज्या मुलाला पुस्तक परकं वाटतं, त्याला शाळेत स्वतःचं काहीतरी सापडायला नको का?

एक धोका मात्र मी इथेच पाहिला आहे. संस्था येऊ लागल्या की कायमचा शिक्षक नेमायची गरज नाही, असं प्रशासनाला वाटू लागतं. देणगीदाराचं लक्ष दुसरीकडे वळलं किंवा वर बसलेली माणसं बदलली की डाव मोडतो. 2023 मध्ये टेक्सास राज्याने ह्युस्टनचा शालेय जिल्हा ताब्यात घेतला, त्यानंतर कितीतरी शाळांची ग्रंथालयंच बंद झाली. म्हणून कॅलिफोर्नियाची वाट मला जास्त पटते. 2022 मध्ये तिथल्या मतदारांनी शाळांच्या कला-संगीतासाठी वेगळा निधी मंजूर केला आणि 500 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या जिल्ह्यांनी त्यातला किमान 80 टक्के पैसा माणसं नेमण्यावरच खर्च करायचा, अशी अट घातली. आपल्याकडेही तरतूद आहेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, नेमावेत, असं स्पष्ट लिहिलंय. नाशिकच्या संस्थांनी आधी या नेमणुकांसाठी आवाज उठवावा, स्पर्धा आणि बक्षिसं त्यानंतर.

आणि नाशिकइतकी तयारी असलेलं गाव दुसरं कुठलं? संगीताचं शिक्षण घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणायला ज्यांनी 1901 मध्ये लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढलं, ते विष्णु दिगंबर पलुस्कर शेवटच्या काळात पंचवटीत राहिले. फाळके त्र्यंबकचे. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे, एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका घेऊन नोकरीची वाट पाहणारी मुलं-मुली आहेत, येवल्यात पैठणीचे विणकर आहेत, आणि ढोल पथकांना तर तालमीच्या जागा पुरत नाहीत. सातपूर-अंबडच्या मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. हे सगळे आणि महापालिका-जिल्हा परिषदेचे शिक्षण अधिकारी एका खोलीत कधी बसलेत?

बसण्याआधी हातात यादी हवी. शिकागोने 2012 मध्ये कलाशिक्षणाचा आराखडा केला, प्राथमिक वर्गांसाठी आठवड्याला 120 मिनिटांचं उद्दिष्ट ठेवलं, आणि ‘इनजेन्यूइटी’ नावाची संस्था कुठल्या शाळेत किती कलाशिक्षक, किती तास आणि कुठली बाहेरची संस्था, याची नोंद दरवर्षी ठेवू लागली. कुठे काहीच नाही हे नकाशावर दिसलं, की पुढची मदत कुठे न्यायची हा प्रश्न उरत नाही. या कामाला पैसा फारसा लागत नाही, पायपीट लागते.

गटातल्या तिघांनी पंचवटीपुरती पायपीट करायचं कबूल केलंय. सुरगाण्याचा मित्र त्याच्या केंद्रातल्या शाळांची माहिती पाठवणार आहे, कुरकुरत का होईना. तक्ता मी तयार केलाय: शाळा, पट, कलाशिक्षक, आठवड्याचे तास, साहित्य, वर्षभरात आलेल्या संस्था. पहिली ओळ आमच्याच शाळेची भरली. कलाशिक्षक, नाही. आठवड्याचे तास, वेळापत्रकात दोन, प्रत्यक्षात गणित. हार्मोनियम एक, भाता फाटलेला. दुरुस्तीसाठी भद्रकालीतल्या एका कारागिराकडे नेऊन दाखवायचं ठरलंय, येत्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर.