फोटो जरासा सरकवला, एवढंच!

वर्डच्या फाइलमधला फोटो फक्त दोन मिलिमीटर डावीकडे हवा होता. दोन! माउस सोडला आणि फोटो थेट पुढच्या पानावर, खालची ओळ मागेच, मध्ये अर्धं पान कोरं. म्हणे फोटोचा अँकर, म्हणजे त्याला मजकुराशी जोडणारी खूण, परिच्छेदाला बांधलेला असतो; वर ओळ वाढली की परिच्छेद सरकतो आणि हे साहेब त्याच्या मागोमाग. 'इन लाइन', म्हणजे मजकुराच्या ओळीतच, ठेवला तर तो एखाद्या अगडबंब अक्षरासारखा वागतो. त्यात ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' १२ पॉइंट, म्हणजे ठरलेलं, न वाढणारं, असेल तर फोटोची नुसती चिंधी दिसते, बाकी गायब. अर्धा तास मी फाइलच बिघडली समजून बसलो होतो. शेवटी दोन रकान्यांचं टेबल टाकलं, एकात फोटो, एकात मजकूर, बॉर्डर काढून टाकली. आता कोणी म्हणू नका, "तेवढा लोगो जरा मोठा करशील?"