गेन 100 वर ठेवून टायर कळत नाही

‘प्रो लोकांची फोर्स फीडबॅक सेटिंग’ या नावाने सात मुद्द्यांची एक यादी फिरते आहे. फोर्स फीडबॅक म्हणजे गाडी काय करते आहे ते गेमच्या स्टिअरिंग व्हीलमधली मोटर हाताला जाणवून देते ती सोय. ऑनलाइन रेसिंग नव्याने सुरू करणाऱ्याला कुणी ना कुणी ती पाठवतंच. माझ्या भाच्यानेही ती जशीच्या तशी चढवली, आणि आता विचारतोय की लांब वळणात गाडी काहीच न सांगता बाहेर का सरकते. यादी थोडक्यात अशी: गेन (फोर्स किती मोठा करून पाठवायचा ते) सगळीकडे 100, सेंटर स्प्रिंग चालू, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-यायला लागणारा वेळ) जास्त असेल तर फोर्स उशिरा येतो म्हणून डॅम्पिंग (व्हील फिरण्याला होणारा विरोध) पूर्ण, व्हीलचं फिरणं 360 अंश, मिनिमम फोर्स सगळ्यांनी 20 टक्के, रोड आणि कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) इफेक्ट पूर्ण, आणि डायरेक्ट ड्राइव्ह (व्हील थेट मोटरवर बसवलेला प्रकार) असेल तर तो पूर्ण ताकदीवर चालवा, हात आपोआप तयार होतात.

सातातला पहिला आणि शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक आहे. पहिल्यामुळे गाडी कळेनाशी होते, शेवटच्यामुळे मनगट दुखावतं. बाकीचे मधल्या मध्ये उरकतो.

‘गेन 100 ठेवा. जितका जोर जास्त, तितकं खरं.’

इथे मुळातच गफलत आहे. फोर्स फीडबॅक म्हणजे जोर नव्हे, जोरातला फरक. वळणात पुढचा टायर आडवं बल देतो ते जमिनीला टेकलेल्या भागाच्या बरोबर मध्यातून नाही, थोडं मागून. या अंतराला न्यूमॅटिक ट्रेल म्हणतात, आणि त्यामुळेच व्हील सरळ करू पाहणारा टॉर्क तयार होतो. स्लिप अँगल, म्हणजे टायर ज्या दिशेला वळलाय आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातोय त्यांतला कोन, वाढत गेला की हे अंतर घटत जातं. म्हणजे पकड शिखराला पोचायच्या आधीच टॉर्क उतरायला लागतो आणि व्हील किंचित हलकं पडतं. ‘आता आणखी वळवू नकोस’ हे टायर तुम्हाला सांगतो ते एवढ्याच भाषेत.

हे माझं मत नाही. हान्स पासेइका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या पेपरमध्ये टायरचं जे सूत्र मांडलं, ज्याला पुढे ‘मॅजिक फॉर्म्युला’ हे नाव पडलं, त्यात आडव्या बलाचा आलेख आणि या टॉर्कचा आलेख वेगवेगळे आहेत. टॉर्कचं शिखर कमी स्लिप अँगलला येतं, बलाचं त्याच्या नंतर. या दोन शिखरांमधली जागा हीच चालवणाऱ्याला मिळणारी सूचना. शिवाय कॅस्टरमुळे (स्टिअरिंगचा आस मागे झुकलेला असल्यामुळे) येणारा टॉर्क तेव्हाही शिल्लक असतो, त्यामुळे व्हील एकदम सैल पडत नाही. फरक बारीकच असतो, आणि बारीक असतो म्हणूनच तो जपावा लागतो.

आता गेन 100 वर काय होतं ते आकड्यांत बघा. समजा एका वेगवान वळणात सिमने (रेसिंगच्या गेमने) काढलेला फोर्स 130 टक्क्यांवर गेला. बेसला, म्हणजे व्हीलमागच्या मोटरच्या खोक्याला, 100 च्या वर काही पाठवताच येत नाही, म्हणून वरचे 30 छाटले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली, फोर्स 130 वरून 105 वर आला. तुमच्या हाताला आधीही 100 आणि नंतरही 100. टायरने सांगितलं, पण ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. तेच गेन 75 वर असतं तर 97.5 वरून 78.75 वर आलं असतं, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा उतरलेला हाताला स्वच्छ कळला असता. भाच्याची गाडी ‘न सांगता’ सरकते त्याचं उत्तर एवढंच आहे.

यावर यादीच्या समर्थकांचा ठरलेला उपाय असतो: जड वाटत असेल तर ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधून ताकद उतरवा. त्याने काहीही साधत नाही. छाटणी गेममध्ये झालेली असते. ड्रायव्हर फक्त छाटलेला सपाट फोर्स हलका करून देतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? क्लिपिंग काढायचं तर गेमच्या आतला गेन उतरवावा लागतो, दुसरा रस्ता नाही.

तो किती उतरवायचा हेही अंदाजाने ठरवायची गरज नाही. असेटो कोर्सा या सिममध्ये पेडल्स ॲप (पडद्यावरची छोटी खिडकी) उघडा. क्लच, ब्रेक, थ्रॉटलच्या शेजारी फोर्स फीडबॅकचा एक पट्टा दिसतो. क्लिपिंग झालं की तो लाल होतो. ट्रॅकवरचं सगळ्यात लांब आणि वेगवान वळण निवडा आणि तिथे पट्ट्यावर नजर ठेवा. कर्बवर किंवा खड्ड्यावर क्षणभर लाल चमकलं तर हरकत नाही. वळणभर लालच राहिलं तर गेन पाच-पाचने खाली आणा. आयरेसिंग या दुसऱ्या सिममध्ये दोन-चार स्वच्छ लॅप मारा, मग फोर्स फीडबॅकच्या ब्लॅक बॉक्समधलं (पडद्यावरच्या चौकटीतलं) ‘ऑटो’ बटण दाबा. नुकत्याच झालेल्या लॅपमधला फोर्स बघून ते पातळी बसवतं. लॅप खरंच स्वच्छ हवेत. भिंतीला धडकून ऑटो दाबलं तर तो धक्काही हिशेबात धरला जाऊ शकतो आणि व्हील विनाकारण मऊ पडतं.

‘खरं’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. जीटी३ गाड्यांना, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या रेसिंग आवृत्त्यांना, पॉवर स्टिअरिंग असतं. फॉर्म्युला वनच्या गाड्यांनाही असतं. इंडीकारला नसतं, तिथलं व्हील खरोखर जड आहे. म्हणजे जीटी३ चालवताना व्हीलशी कुस्ती खेळणं हे वास्तवाच्या जवळ जाणं नव्हे, लांब जाणं आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. दोन-सव्वादोन न्यूटन-मीटरच्या गिअरवाल्या व्हीलमध्ये, उदाहरणार्थ लॉजिटेक जी29 मध्ये, ड्रायव्हरमधली ताकद 100 ठेवणं बरोबरच आहे. मुळात जोरच कमी आहे, तो आणखी का घालवायचा. पण तेव्हाही गेममधला गेन पट्टा बघूनच ठरवायचा. यादीत या दोन जागा एकच धरल्या आहेत, आणि घोळ तिथेच झाला आहे.

‘सेंटर स्प्रिंग चालू ठेवा, व्हील स्थिर राहतं.’

स्थिर राहतं, पण त्याला टायरचा पत्ता नसतो. ही स्प्रिंग फक्त व्हील किती अंश फिरलंय एवढंच बघते. गाडी उभी असो, दोनशेच्या वेगात असो की बर्फावर असो, ओढ तेवढीच. याहून वाईट म्हणजे मागच्या चाकांची पकड सुटल्यावर. त्या वेळी खऱ्या गाडीचं व्हील कॅस्टरमुळे आपणहून घसरणीच्या दिशेने फिरतं, म्हणजे काउंटर-स्टिअरचं अर्धं काम तेच करतं. स्प्रिंग त्याच क्षणी ते मध्याकडे खेचते. फोर्स फीडबॅक असलेल्या प्रत्येक सिममध्ये ती बंद हवी. फोर्स फीडबॅक नसलेल्या जुन्या गेमसाठी तिचा उपयोग आहे, तेवढाच.

‘पिंग जास्त असेल तर फोर्स उशिरा येतो, म्हणून डॅम्पिंग पूर्ण.’

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमच्या व्हीलला येणारा फोर्स तुमच्याच मशीनवर, तुमच्याच गाडीच्या गणितातून निघतो. असेटो कोर्सामध्ये हे गणित सेकंदाला 333 वेळा होतं, आयरेसिंगमध्ये 360 वेळा. या वाटेत सर्व्हर कुठेच येत नाही. पिंग 40 असो वा 240, एकट्याने लॅप मारताना व्हीलमध्ये रतीचाही फरक पडणार नाही. खात्री करायची असेल तर इंटरनेटची वायर काढून प्रॅक्टिस सेशन चालवा, जिथे सिम तशी मुभा देतं तिथे.

पिंगचा संबंध येतो तो दुसऱ्या गाडीला घासताना. समोरची गाडी तुम्हाला जिथे दिसते ती जागा अंदाजाने काढलेली असते; अंदाज चुकला की ती एकदम सरकते, कधी तुमच्या गाडीत शिरते, आणि व्हीलला विचित्र मोठा झटका बसतो. हा झटका खरा आहे. त्यावर इलाज म्हणजे अंतर ठेवणं आणि बेसची कमाल ताकद आवरती ठेवणं. डॅम्पिंग नव्हे.

फोर्स खरोखरच उशिरा जाणवत असेल तर कारणं घरातच शोधा. प्रोसेसरवर ताण येऊन गणित मागे पडत असेल, तर विरोधी गाड्यांची संख्या किंवा ग्राफिक्स कमी करून बघा. बेसच्या सॉफ्टवेअरमधलं स्मूदिंग किंवा फिल्टर वाढवून ठेवलं असेल, तर ते उतरवा. व्हील युएसबी हबमधून जोडलं असेल, तर थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

आता डॅम्पिंग. पूर्ण डॅम्पिंग म्हणजे व्हील काकवीत फिरवणं. झपकन काउंटर-स्टिअर द्यायचं असतं तिथेच ते अडवतं, कारण डॅम्पिंगचा विरोध व्हील फिरवण्याच्या वेगाबरोबर वाढतो. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर व्हील डावी-उजवीकडे थरथरतं म्हणून लोक ते वाढवतात. पण ती थरथर हात सोडल्यामुळे असते. सैल हातांनी धरलं तरी बहुतेक वेळा थांबते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये गिअर-बेल्टचं घर्षण नसतं, त्यामुळे तिथे 10 ते 20 टक्के डॅम्पिंग योग्य आहे, हे मी नाकारत नाही. गिअर आणि बेल्टच्या व्हीलमध्ये शून्यापासून सुरुवात करा, घर्षण तिथे आधीच भरपूर आहे.

360 अंश. फॉर्म्युला गाड्यांपुरतं हे जवळपास बरोबर आहे. जीटी३ मध्ये साधारण 500 ते 800 अंश लागतात आणि ते गाडीगणिक बदलतात. 800 अंशांची गाडी 360 वर चालवली की हाताची तीच हालचाल दुपटीहून जास्त वळवते, आणि मध्याजवळ गाडी उगाच चळवळी वाटते. ड्रायव्हरमध्ये 900 ठेवा, बाकी गाडीनुसार सिमला ठरवू द्या. मग कॉकपिटमधून बघत हातातलं व्हील 90 अंश फिरवा, नंतर 180. पडद्यावरचं व्हील बरोबर तेवढंच फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर आकडा कुठेतरी दोनदा लागलाय.

मिनिमम फोर्स 20, सगळ्यांना. ‘सगळ्यांना’ हाच शब्द चुकीचा आहे. गिअरच्या व्हीलमध्ये बारीक सिग्नल घर्षणातच मरतो, मध्याजवळ पोकळी जाणवते. ती भरायला मिनिमम फोर्स आहे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ती पोकळीच नसते, तिथे शून्य. आपल्या व्हीलचा आकडा काढायचा असेल तर व्हीलचेक नावाचं छोटं साधन आहे. ते मोटरला शून्यापासून टप्प्याटप्प्याने जोर देतं आणि प्रत्येक टप्प्याला व्हील किती हललं ते नोंदवतं. ज्या टप्प्यावर व्हील पहिल्यांदा हललं, तो तुमचा आकडा. असेटो कोर्सामध्ये याच नोंदीवरून लट फाइल (मोटरचा जोर दुरुस्त करणारा तक्ता) बनवता येते. ती लावली तर मिनिमम फोर्स परत शून्यावर न्या, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा होते आणि सरळ रस्त्यावर व्हील खडखडायला लागतं. गिअर झिजतात ते या खडखडाटाने.

रोड आणि कर्ब इफेक्टबद्दल फार लिहायला नको. हे टायरच्या गणितातून आलेले फोर्स नसतात, वरून मिसळलेली थरथर असते. त्याच 100 टक्क्यांत तीही मावायची असते, म्हणजे टायरच्या निरोपाची जागा ती खाते. शून्यावर ठेवा. हलक्या व्हीलवर कर्ब अजिबातच कळत नसेल तर थोडं वाढवा आणि क्लिपिंगचा पट्टा पुन्हा बघा.

‘डायरेक्ट ड्राइव्ह पूर्ण ताकदीवर चालवा, हात तयार होतात.’

हे वाक्य कुणी पोरासोरांना पाठवत असेल तर कृपा करून थांबवा. 30 सेंटिमीटर व्यासाच्या व्हीलवर हिशेब करा. सव्वादोन न्यूटन-मीटर म्हणजे कडेवर साधारण दीड किलोचं वजन. आठ न्यूटन-मीटर म्हणजे साडेपाच किलो. पंचवीस न्यूटन-मीटरचा बेस, आणि असे बेस बाजारात आहेत, म्हणजे सतरा किलो. हे वजन हळूहळू येत नाही. भिंतीला चाक लागलं की क्षणात उलट दिशेने येतं, आणि व्हीलच्या आरीत (स्पोकमध्ये) अडकवलेला अंगठा सोबत नेतं. ऑनलाइन शर्यतीत तर वर सांगितलेला, दुसऱ्या गाडीची जागा चुकल्याने बसणारा नेटकोडचा झटका कधी येईल याचा नेमच नाही. असल्या झटक्यातून हात तयार होत नाहीत, अंगठ्याचा सांधा आणि मनगट दुखावतं.

डायरेक्ट ड्राइव्ह नवा असेल तर बेसची कमाल ताकद 4 ते 5 न्यूटन-मीटरवर बांधा आणि आठवडाभर तिथेच राहा. पूर्ण शर्यत झाल्यावर हात भरून आले नाहीत तरच एकेक न्यूटन-मीटर वाढवा. अंगठे आरीत गुंतवू नका, रिमवर बाहेरून टेकवा. धडक अटळ दिसली की हात काढून घ्या. गाडी तशीही गेलेली असते. बेसबरोबर इमर्जन्सी स्टॉपचं बटण आलं असेल तर ते खोक्यात ठेवू नका, व्हील न ओलांडता हात पोचेल अशा जागी बसवा. ट्रॅक सुरू होताना आणि बेस कॅलिब्रेट होताना रिमच्या आत हात नको. टेबलाला क्लॅम्प केलेला बेस आठ न्यूटन-मीटरला टेबलच वाकवतो; मग व्हीलचा बारकावा लाकडात जिरतो आणि लोक तो परत मिळवायला ताकद आणखी वाढवतात.

आणि ही ताकद वाढवताना-उतरवताना गेममधल्या गेनला हात लावू नका. तो क्लिपिंगच्या पट्ट्यावरून एकदा ठरला की त्या गाडीपुरता ठरला; किती जड हवं ते बेसवर ठरवायचं. गाडी बदलली की मात्र पट्टा पुन्हा बघायचा, कारण एका गाडीत 75 वर साफ असलेला फोर्स दुसरीत 60 वरही लाल होऊ शकतो. असेटो कोर्सामध्ये त्यासाठी मेन्यूत जायचीही गरज नाही: नंपॅडवरचं अधिक-उणे दाबा, फक्त त्या गाडीचा गेन बदलतो.